उंटिणीच्या दुधानं इन्सुलिन सुटतं का, आणि ते कच्चं द्यावं का?

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: मुलगी अकरा वर्षांची, आठ महिन्यांपूर्वी टाइप १ मधुमेहाचं निदान, दिवसातून चार वेळा इन्सुलिन. दीर गांधीधामला असतात आणि पंधरा दिवसांनी बडोद्याला येताना उंटिणीचं दूध बाटल्यांत गोठवून बर्फाच्या पेटीतून आणतात. त्यांना कुणी सांगितलंय की रोज अर्धा लिटर कच्चं दूध दिलं तर तीन महिन्यांत इन्सुलिन सुटतं, आणि उकळलं तर ‘त्यातलं इन्सुलिन जळतं’. सासूबाईंनाही मधुमेह आहे, म्हणून त्यांनाही सुरू करायचं घाटतंय. तुमचा प्रश्न, ‘द्यावं का, किती द्यावं?’

तुम्ही विचारलंत ‘किती’, पण यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. हे दूध चांगलं आहे का? त्यानं इन्सुलिन कमी होतं का? आणि ते कच्चं द्यावं का? पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे. तिसऱ्याचं उत्तर नाही, आणि त्यात ‘पण’ नाही.

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ आहे. सयाजीराव विद्यापीठात होम सायन्सला शिकले आणि चोवीस वर्षं इथेच बडोद्यात काम करतेय, त्यातली बरीचशी मधुमेही मुलांच्या आयांबरोबर. तेव्हा डोसबद्दल मी काहीही बोलले तरी शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. आणि पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून टाका. दूध सुरू केलं म्हणून इन्सुलिनचं एक युनिटही स्वतःच्या मनानं कमी करायचं नाही. दिरांनी, सासूबाईंनी, कुणीच नाही.

आता दुधाकडे येऊ. आपल्या मराठीत सांडणी उरली ती सांडणीस्वारापुरती; तिचं दूध आपल्या स्वयंपाकघरात कधी आलंच नाही. इथल्या गुजराती शेजाऱ्यांकडे ‘ऊंटडीनुं दूध’ हा शब्द तरी ऐकू यायचा, पण मिळायचं नाही. २०१९च्या जानेवारीत अमूलनं अर्ध्या लिटरच्या बाटलीत ते अहमदाबाद, गांधीनगर आणि कच्छमध्ये विकायला काढलं, पन्नास रुपयांना, आणि तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्यांच्या तोंडी ते आहे. कच्छच्या सरहद डेअरीनं मालधाऱ्यांकडून, म्हणजे तिथल्या पशुपालकांकडून, हे दूध विकत घ्यायला सुरुवात केली, ही मला फार चांगली गोष्ट वाटते. २०१९च्या पशुगणनेत देशभरात उंट जेमतेम अडीच लाख उरले होते, २०१२च्या तुलनेत सदतीस टक्क्यांनी कमी. दुधाला भाव मिळाला तर जनावर टिकेल. म्हणजे मी या दुधाच्या विरोधात नाही, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

त्यात काय आहे? पाणी, साधारण तीन टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, दोन ते चार टक्के स्निग्धांश आणि साडेचार टक्क्यांच्या आसपास लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. म्हशीच्या दुधाची सवय असलेल्याला ते पातळ वाटतं. तापवलं की फेस भरपूर येतो, पण साय अगदी नावाला, कारण त्यातले चरबीचे कण बारीक असतात आणि लवकर वर येत नाहीत. दही लावायचा मी प्रयोग केला होता. दुसऱ्या दिवशी भांड्यात जे होतं त्याला दही म्हणवेना आणि ताक म्हणायलाही जीव होईना. दोष विरजणाचा नव्हता. दही घट्ट धरायला जे कपा-केसीन नावाचं प्रथिन लागतं, ते या दुधात फार कमी असतं.

चव किंचित खारट. किती खारट ते उंटीण काय चरते आणि किती पाणी पिते यावर असतं. कच्छच्या किनाऱ्यावरचे खाराई उंट खाडीतून पोहत जाऊन चेरची, म्हणजे खारफुटीची, झाडं खातात (२०१५मध्ये त्यांना वेगळी जात म्हणून मान्यता मिळाली), त्यामुळे अमुक दुधात अमुक इतकं सोडियम असं छातीठोकपणे सांगता येत नाही. हा खारटपणा आपल्या जुन्या वैद्यांनीही टिपलाय. चरकसंहितेत उंटिणीच्या दुधाला लघु, उष्ण, रूक्ष आणि ‘ईषत् सलवण’ म्हटलंय, आणि ते कशावर उपयोगी ते सांगताना सूज, कृमी, उदर (पोट फुगण्याचा विकार), मूळव्याध अशी यादी दिलीय. त्या यादीत प्रमेह (मधुमेह त्यातच येतो) नाही. ‘आयुर्वेदात मधुमेहावर सांगितलंय’ असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

क जीवनसत्त्वाचा फार बोलबाला आहे. गाईच्या दुधाच्या तीन-चार पट असतं हे खरं, पण गाईच्या दुधात ते जवळजवळ नसतंच. अर्ध्या लिटरमधून मिळणार पंधरा-वीस मिलिग्रॅम. खंडेराव मार्केटमधून एक बरा पेरू आणलात तर याच्या कितीतरी पट मिळेल, तेही उकळायची भानगड न करता. लोहाचंही तसंच, कोणतंही दूध लोहासाठी प्यायचं नसतं. राहिलं प्रथिन आणि कॅल्शियम, आणि त्या बाबतीत हे चांगलं दूध आहे. गाईच्या चांगल्या दुधाइतकंच चांगलं.

आता इन्सुलिन. हा दावा हवेतला नाही, आणि म्हणूनच तो हाताळायला अवघड आहे. बिकानेरला डॉक्टरांनी या विषयावर बरीच वर्षं काम केलंय. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका चाचणीत टाइप १चे चोवीस रुग्ण दोन वर्षं घेतले होते. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, आणि अर्ध्यांना त्याच उपचारांच्या जोडीला रोज अर्धा लिटर उंटिणीचं दूध. दूध पिणाऱ्यांची इन्सुलिनची गरज कमी झाली, आणि बारापैकी तिघांची तर शून्यावर आली. तुमच्या दिरांपर्यंत जे पोचलंय ते बहुधा हेच, फक्त वाटेत बारातले तिघे गळले आणि ‘सगळ्यांचं सुटतं’ एवढंच उरलं. शिवाय त्या चाचणीत साखर वारंवार तपासून, ती खाली येताना दिसली की डोस खाली आणत होते. आधी साखर, मग डोस. घरी होतं ते नेमकं उलटं: आधी डोस कमी करायचा आणि मग साखरेची वाट पाहायची.

बारा हा आकडाही लहान आहे. उत्साह वाटावा इतका आहे, पण तुमच्या मुलीचं इन्सुलिन त्यावर टांगावं इतका नाही.

‘दुधातलं इन्सुलिन’ हे स्पष्टीकरण मला स्वतःला पटत नाही. इन्सुलिन हे प्रथिन आहे. तोंडावाटे घेतलं की पोटात आणि आतड्यात ते पचतं, डाळीतलं प्रथिन पचतं तसंच. इंजेक्शन शोधावं लागलं ते याचसाठी. प्रचारात सांगतात की या दुधाची पोटात घट्ट गुठळी होत नाही, म्हणून इन्सुलिन सहीसलामत पुढे जातं. गुठळी सैल होते हे खरं आहे, वर दह्याची गोष्ट सांगितलीच. पण ते रक्तापर्यंत कामाच्या मात्रेत पोचतं हा त्यापुढचा दावा आहे. आणि समजा पोचत असतं, तर डोस न मोजता पेलाभर इन्सुलिन लेकराला पाजायला कोणती आई धजली असती? रात्री साखर किती खाली जाईल या भीतीनं झोप लागली नसती.

मालधाऱ्यांचं उदाहरणही तुमच्यापर्यंत येईल. राजस्थानातल्या रायका समाजात उंटिणीचं दूध पिणाऱ्यांमध्ये मधुमेह अजिबात आढळला नाही, असं एक सर्वेक्षण २००७मध्ये छापून आलंय. मी ते मानते. पण जो माणूस जन्मभर कळपामागे चालतो, बाजरी खातो आणि संध्याकाळी रावपुऱ्यात शेव-उसळ खायला स्कूटरवर जात नाही, त्याच्या निरोगीपणाचं सगळं श्रेय दुधाला कसं द्यायचं? आणि तो टाइप २चा प्रश्न आहे, तुमच्या मुलीचा नाही. तिचं स्वादुपिंड इन्सुलिन बनवायचं थांबत चाललंय. तिचा आजार कमी चालण्यातून किंवा जास्त खाण्यातून आलेला नाही.

माझ्या मते सगळ्यात मोठी गल्लत वेगळ्याच ठिकाणी होते. तुम्ही ‘आठ महिने’ लिहिलंत, म्हणून हे नीट सांगते. टाइप १चं निदान होऊन इन्सुलिन सुरू झालं की पुष्कळ मुलांमध्ये काही आठवड्यांनी गरज एकदम कमी होते. स्वादुपिंडातल्या उरलेल्या पेशींना जरा विसावा मिळतो आणि त्या पुन्हा काम करू लागतात. डॉक्टर याला हनीमूनचा काळ म्हणतात. तो काही महिने टिकतो, कधी वर्षभर किंवा त्याहून जास्त, आणि मग संपतो. या काळात घरात जे काही चालू असेल त्याला यश मिळतं. कारल्याचा रस, मेथीचं पाणी, अमक्याचा अंगारा, उंटिणीचं दूध, काहीही.

माझ्याकडे मांजलपूरहून एक मुलगा यायचा. दूध सुरू केलं, दोन महिन्यांत डोस निम्म्यावर आला. आई-वडील इतके खुशीत की फोन करून इतरांना सांगायचे. मग एका लग्नाच्या गडबडीत ‘आता गरजच नाही’ म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद केलं. चौथ्या दिवशी उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात श्वास आणि तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. इन्सुलिनअभावी रक्तात कीटोन नावाची आम्लं साठली होती. अतिदक्षता विभागात तीन दिवस. वाचला, आता ठणठणीत आहे आणि इन्सुलिनवर आहे. दुधानं त्याचं काही वाईट केलं नव्हतं, वाईट केलं ते दुधावरच्या भरवशानं. ही लक्षणं मुलीच्या आजीलाही पाठ करवून ठेवा, दूध द्या किंवा देऊ नका.

आता कच्च्या दुधाचं. इथे मी सगळ्यात जास्त हट्टी आहे. या दुधाच्या प्रचाराचा विचित्रपणा पाहा: ज्या गोष्टीला औषध म्हणून विकतात, म्हणजे ते धारोष्ण, न तापवलेलं असणं, नेमकी तीच त्यातली धोक्याची गोष्ट आहे. उंटांना ब्रुसेलोसिस होतो, गाई-म्हशी-शेळ्यांना होतो तसाच, आणि तो कच्च्या दुधातून माणसाला लागतो. हा ताप आज प्यालं आणि उद्या आला असा नसतो. दोन-चार आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी उगवतो. संध्याकाळी ताप, रात्री घामानं अंथरूण भिजतं, कंबर आणि सांधे धरतात, माणूस वाळत जातो. कारेलीबागेतल्या एका गृहस्थांचं असंच झालं होतं. एका ठिकाणी टायफॉइड समजून दोनदा औषधं झाली, दुसरीकडे पाठीचा एमआरआय काढला. ‘कच्चं दूध प्यालात का?’ हा प्रश्न विचारायला दोन महिने लागले. मग सहा आठवडे दोन-दोन प्रतिजैविकं. मधुमेही मुलीला असा ताप आला तर साखर कशी उधळेल याची कल्पना तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त असेल.

ब्रुसेला हा एकच नाही. साल्मोनेला आहे, ई-कोलाय आहे, क्षयाचा जंतू आहे. मर्स नावाचा विषाणू २०१२मध्ये सौदी अरेबियात पहिल्यांदा सापडला, तो उंटांकडून माणसांत येतो. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेनं उंटाचं कच्चं दूध पिऊ नका असं सांगितलंय, आणि हा आजार ज्यांना जास्त जड जातो त्यांच्या यादीत मधुमेही आणि मूत्रपिंडाचे रुग्ण आहेत. मर्सची भीती घालायचा माझा हेतू नाही, कच्छमध्ये ती साथ नाही. पण गंमत बघा, ज्यांना हे दूध कच्चं प्या म्हणून आग्रह होतो, त्यांनाच ते सगळ्यात आधी टाळायला सांगितलंय.

दीर गोठवून आणतात म्हणून सुरक्षित, असं तुम्ही लिहिलंत. फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, थांबतात. बाटली वितळली की पुन्हा कामाला लागतात. ‘हे दूध नासत नाही’ हेही ऐकलं असेल. ते खरोखरच उशिरा आंबतं, त्यात जंतूंना रोखणारी काही प्रथिनं असतात. पण ब्रुसेला दूध नासवत नाही. वास चांगला, चव चांगली, आणि आत तो. ‘मालधारी पितात, त्यांना कुठे काय होतं?’ याचं उत्तर असं की त्यांनाही होतं, फक्त तो ताप कुणी मोजत नाही. आणि ते सडाखालचं दूध तिथल्या तिथे पितात. तुमच्या घरी ते चारशे किलोमीटर फिरून येतं.

उकळल्यानं काय जातं? क जीवनसत्त्वाचा काही भाग आणि त्या रोगप्रतिकारक प्रथिनांचा बराचसा भाग. प्रथिनांचं पोषण, कॅल्शियम, स्निग्धांश जागेवर राहतात. म्हणजे अन्न शिल्लक राहतं, आणि आपल्याला तेच हवंय. डेअरीची पाश्चराइज केलेली बाटली असेल तर प्रश्नच मिटला.

सासूबाईंचं परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तुम्ही त्यांच्याबद्दल फार थोडं लिहिलंय. त्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) किती? मूत्रपिंड कमजोर असेल तर कुठल्याही दुधातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस मोजावं लागतं. मग हे दूध ‘औषध’ म्हणून वरून वाढवणं चुकीचं. ग्लिमेपिराईडसारख्या साखर खाली आणणाऱ्या गोळ्या असतील तर सुरुवातीचे पंधरा दिवस साखर जास्त वेळा बघावी, खाली जाण्याच्या बाजूनंही. हे दोन्ही नसेल तर सकाळच्या चहाचं दूध बदलायला माझी काहीच हरकत नाही. घरात कुणी गरोदर असेल तर तिला कच्च्या दुधाचा थेंबही नको, गर्भपाताचा धोका असतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण दीर पुढच्या खेपेला हे सगळं सांगतीलच, म्हणून भराभर. लॅक्टोज पचत नाही त्यांना हे चालतं म्हणतात. लॅक्टोज जवळजवळ गाईच्या दुधाइतकंच आहे, काहींना सोसतं, काहींना नाही. स्वमग्नतेवर सौदी अरेबियात छोटे, थोड्या दिवसांचे अभ्यास झालेत. त्यावरून मी कुणाला महिन्याचा खर्च करायला सांगणार नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी हे नाही. गाईच्या दुधाच्या ॲलर्जीत मात्र दम आहे. ॲलर्जी उठवणारं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन या दुधात नसतंच, त्यामुळे अशा काही मुलांना ते सोसतं. पण पहिला घोट डॉक्टरांसमोर. आणि भेसळीकडे लक्ष हवं: महाग वस्तूत स्वस्त दूध मिसळलं जातं, आणि ॲलर्जीच्या मुलाला तेवढंही पुरतं. पावडर घेत असाल तर डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. साखर, चव किंवा गाईच्या दुधाची भुकटी घातलेली असेल तर परत ठेवा.

तर मुलीला द्यायचं असेल तर असं द्या. रोज एक पेला, दोनशे मिली, आणि तोही आत्ता ती पिते त्या दुधाऐवजी, वरून नाही. अर्ध्या लिटरची गरज नाही. त्यात बावीस-तेवीस ग्रॅम साखर आली, जवळजवळ दोन छोट्या फुलक्यांचे कार्ब्ज. दोनशे मिलीचे नऊ ग्रॅम धरा आणि नेहमीच्या दुधासारखेच इन्सुलिनच्या हिशेबात घ्या. डॉक्टरांना आधी सांगा. लाजू नका, चिडले तरी सांगा. परीक्षा, ताप किंवा प्रवास चालू असताना सुरू करू नका, नाहीतर साखर कशानं हलली ते कळणार नाही. पहिला महिना वहीत तारीख, दूध किती, साखर किती आणि इन्सुलिन किती, असे चार रकाने ठेवा. साखर खरंच सतत खाली येताना दिसली तर डॉक्टर स्वतःच डोस कमी करतील, आणि तो तीन महिन्यांनी पुन्हा वाढला तर कुणाची चूक शोधू नका.

तिला चव आवडली नाही तर सोडून द्या. चार टोचण्या सोसणाऱ्या मुलीवर आणखी एक सक्ती नको. खर्च परवडत नसेल तरीही सोडा. गाईच्या दुधावर तिचं काही अडणार नाही.

आणि दिरांवर रागावू नका. चारशे किलोमीटरवरून बर्फ सांभाळत आणतात ते पुतणीवरच्या मायेनंच. फ्रीझरमध्ये ज्या दोन बाटल्या पडल्यात म्हणालात, त्या वितळवून लगेच चांगल्या उकळा आणि मोठ्या माणसांसाठी चहा करा. फेस खूप येतो, मोठं पातेलं घ्या. खारट लागेल, आलं जरा जास्त किसा.